घरी असते, म्हणजे काय करते?

जनगणनेचा प्रगणक दाराशी येतो, घरातील माणसांची नावे आणि वये लिहून घेतो, आणि मग विचारतो, 'कोण काय काम करतं?' उत्तर बहुधा घरातील वडीलधारी व्यक्ती देते. थोरला सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, धाकटा राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकतो आहे. सुनेपाशी आल्यावर मात्र क्षणाचाही विचार न करता सांगितले जाते, 'ती काही करत नाही, घरीच असते.' त्या वेळी ही 'काही न करणारी' सून आतल्या खोलीत दीड वर्षाच्या मुलाच्या तोंडातून शर्टाची गुंडी बाहेर काढत असते आणि तिचे अर्धे लक्ष गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे असते.

हे उत्तर म्हणजे घरच्यांच्या कोत्या मनाचे लक्षण, असे मानण्याचे कारण नाही. शासनाच्या दप्तरानेच ही भाषा रूढ केली आहे. २००१च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या पंक्तीला बसवून 'काम न करणारे' या सदरात टाकण्यात आले होते. त्यावर २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात-भरपाईच्या खटल्यात कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली. पुढे २०११च्या जनगणनेत सुमारे १५ कोटी ९८ लाख स्त्रियांनी आपले मुख्य काम घरकाम असे नोंदविले. असे सांगणाऱ्या पुरुषांची संख्या होती सुमारे ५७ लाख ९० हजार. हे आकडे सर्वोच्च न्यायालयाच्या ५ जानेवारी २०२१च्या एका निकालात न्या. रमणा यांच्या स्वतंत्र निकालपत्रात आले आहेत. दिल्लीतील एक तरुण दांपत्य रस्त्यावरील अपघातात दगावले होते आणि मागे उरली होती दोन लहानगी लेकरे व वृद्ध कुटुंबीय. त्या मृत गृहिणीचे 'काल्पनिक उत्पन्न' ठरविताना न्यायालयाला सांगावे लागले की, घर सांभाळणे हेही काम आहे आणि त्याला आर्थिक मोल आहे. त्याही आधी, १९८९च्या मार्च महिन्यात जमशेदपूरच्या एका सोहळ्यात लागलेल्या आगीत बळी गेलेल्या गृहिणींच्या सेवेचे मूल्य २००१ साली ठरले. महिना तीन हजार रुपये!

रक्कम कमी की जास्त, हा मुद्दा वेगळा. विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, या कामाचा हिशेब आपल्याकडे मांडला जातो तो काम करणारी गेल्यावर. ती जिवंत असते, मुलाच्या मागे धावत असते, तोवर ती 'घरीच असते'.

या घरी असण्यात काय काय असते?

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातील दुसऱ्या मजल्यावरची एखादी सदनिका डोळ्यांपुढे आणावी. सकाळी साडेनऊला घरधनी कामावर जातो. दाराला कडी लागते. दाराशी उभे असलेले दीड-दोन वर्षांचे मूल आधी रडते, मग बापाच्या चपला पायांत अडकवून घरभर फटफट करीत फिरते. आई स्वयंपाकघरात वळली की ते तिच्या मागोमाग येते, खालच्या कप्प्यातील डबे बाहेर काढते, एका डब्याचे झाकण दुसऱ्याला बसते का ते पाहते. बसत नाही. पुन्हा पाहते. मग चमचा जमिनीवर टाकते, आई उचलून देते, पुन्हा टाकते. दहा वेळा. कंटाळलेल्या मोठ्यांना हा हट्ट वाटतो, प्रत्यक्षात ती प्रयोगशाळा असते. वस्तू सोडली की खाली पडते का, दर वेळी आवाज होतो का, आणि मुख्य म्हणजे आई दर वेळी उचलून देते का, या तिन्हींची तपासणी एकाच वेळी चाललेली असते.

खिडकीच्या गजावर कावळा बसतो. 'काव', मूल म्हणते. पाठोपाठ आलेले कबुतरही 'काव' आणि चिमणीही 'काव'. आई कणीक मळता मळता म्हणते, 'ते कबुतर आहे, राजा.' त्या दिवशी काहीच घडत नाही. तीन आठवड्यांनी एका दुपारी कबुतर गजावर येते आणि मूल आपणहून 'बुतर' असे काहीसे उच्चारते. ही घटना कोठे नोंदविली जात नाही. आई संध्याकाळी कौतुकाने नवऱ्याला सांगते, तो 'अरे वा' म्हणतो आणि बातम्या लावतो.

कणकेचा गोळा मागून घेतला जातो आणि जमिनीवर लोळवला जातो. आंघोळीचे पाणी निम्मे अंगावर, निम्मे आईच्या साडीवर. जेवताना वरणभाताचा एक घास चिमणीच्या नावाने, एक कावळ्याच्या, एक खालच्या मजल्यावरच्या आजींच्या नावाने. ताटातले संपते तोवर आईचे अन्न निवून गेलेले असते. दुपारी मोठ्या मिनतवारीने डोळा लागतो. आता हाती असतात जेमतेम चाळीस मिनिटे. त्यांत जेवावे, की न्हाऊन घ्यावे, की आईला पाथर्डीला फोन करावा, की आपणही पडून राहावे? ती यांपैकी एक निवडते आणि तेवढ्यात शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते.

संध्याकाळी पाच ते सात हा सर्वांत कठीण काळ. मूल कंटाळलेले, आई दमलेली, पोळ्या व्हायच्या, नळाला पाणी यायचे. अशा घरांतून या दोन तासांत मुलाला शांत करणारे एकच साधन सध्या हाताशी असते आणि ते म्हणजे मोबाइल. त्यावर सर्व थरांतून मातांना उपदेश होतो. उपदेश करणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले की, पहिली दोन वर्षे मुलाला पडद्यापासून दूर ठेवावे आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाची मर्यादा पाळावी. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही याच स्वरूपाचा आहे. परंतु मुलाच्या हातात तो यंत्राचा तुकडा का गेला, हे कोणी विचारत नाही. घरात दुसरा हात नव्हता, म्हणून गेला. दोष द्यायचाच तर त्या रिकाम्या घराला द्यावा.

ही प्रयोगशाळा किती मोलाची आहे, याविषयी आता विद्वानांत दुमत नाही. आयुष्याच्या आरंभीच्या काही वर्षांत मेंदूत सेकंदाला दहा लाखांहून अधिक नवे जोड तयार होतात, असे हार्वर्ड विद्यापीठातील बालविकास केंद्र सांगते. हे जोड पक्के होतात ते मुलाने काही करावे आणि मोठ्याने त्याला प्रतिसाद द्यावा, या देवाणघेवाणीतून. टाकलेला चमचा उचलून देणे ही ती देवाणघेवाण. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षापूर्वी होते, असे २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही नमूद करते. महाराष्ट्राला तर हे फार पूर्वी कळले होते. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम आरंभले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने शाळाच मुलांच्या अंगणात नेली गेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातला आहे. २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून तो देशभर गेला.

मात्र अंगणवाडीत मूल बसू लागते ते तीन वर्षांचे झाल्यावर. त्याआधी त्याचे वजन होते, लसींची नोंद होते, घरी आहार मिळतो. शून्य ते तीन वयोगटातील मुलांशी खेळावे कसे, बोलावे कसे, यासाठी केंद्र सरकारने 'नवचेतना' नावाचा आराखडा आणला तो २०२४ साली. उशिरा का होईना, पाऊल योग्य आहे. पण तोही अखेर घरातील माणसाच्याच भरवशावर उभा आहे. पहिल्या तीन वर्षांची शाळा स्वयंपाकघरात भरते आणि तिथे शिक्षक एकच असतो, त्याला रजा नाही व बदली शिक्षकही नाही.

'पूर्वी असे नव्हते', हे वाक्य अशा वेळी हटकून ऐकू येते. माळीवाड्यातील, चितळे रस्त्यावरील जुन्या वाड्यांतून एका मुलाला सहा हात सांभाळत, हे खरेच. आजीच्या मांडीवर तेल लागायचे, काकू भरवायची, आतेबहीण कडेवर घेऊन चार घरे फिरवून आणायची, संक्रांतीला बोरन्हाण घालायला गल्लीतील सारी पोरे गोळा व्हायची. पण त्या वाड्याचे चित्र रंगविताना दोन गोष्टी वगळल्या जातात. वडीलधाऱ्यांसमोर आपल्याच मुलाला जवळ घेणे हे बापाला आणि कित्येकदा आईलाही मर्यादाभंगाचे वाटे. आणि मूल दुसऱ्याच्या कडेवर असे, तेव्हा आई विश्रांती घेत नसे, ती चुलीपाशी असे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त (पहिला भाग १९३४) त्या काळच्या घरातील बाईचे जिणे हसतखेळत, पण कोणताही मुलाहिजा न ठेवता लिहून ठेवले आहे. या टिळक दांपत्याच्या संसाराचा मोठा काळ नगरातच गेला. जुन्या घराविषयी हळवे होणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक पुन्हा उघडावे. वाडा परत येणार नाही आणि तो जसाच्या तसा यावा अशी इच्छाही कोणा सुनेची नसेल. त्या वाड्यातले सहा हात मात्र हवे आहेत.

हे हात नात्यातलेच असले पाहिजेत असे नाही, याचा दाखला याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. त्या दुष्काळी मुलखात तेव्हा जन्मणाऱ्या दर हजार बालकांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत, अशी त्यांच्या प्रकल्पाची नोंद आहे. मोठे रुग्णालय बांधून हे थांबणार नाही हे त्यांनी ओळखले आणि गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर, अनेकदा गावकुसाबाहेरच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविले. या बाया काय करीत? तान्ह्या मुलाच्या आईच्या उंबऱ्यावर जाऊन बसत. जुलाब झाला तर मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, सहा महिन्यांनंतर वरचे अन्न कधी आणि कसे सुरू करायचे, हे दाखवीत. आणि तिचे ऐकून घेत. बालमृत्यूंचे प्रमाण काही वर्षांतच झपाट्याने उतरले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरची माणसे जामखेडला शिकायला येऊ लागली. आईपाशी जाऊन बसणारे कोणीतरी हवे, हे या कामामागचे सूत्र होते. सावेडीच्या दुसऱ्या मजल्यावर मीठ-साखरेच्या पाण्याची अडचण नाही. उंबऱ्यावर येऊन बसणारे मात्र तिथे कोणी नाही.

याच जिल्ह्यात तिसरेही एक चित्र आहे. सहकारी साखर कारखानदारीचा पाया येथेच, प्रवरानगरला घातला गेला, ही अभिमानाची बाब. त्याच उसाच्या तोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून जोडपी कोयते घेऊन बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांची दोन वर्षांची पोरे फडाच्या कडेला झोळीत निजतात, नाही तर पाच-सहा वर्षांच्या ताईच्या कडेवर असतात. घरी राहून मुलाला सांभाळणे ही त्या आईच्या दृष्टीने चैन आहे. तेव्हा 'आईने घरी राहावे' असे सरसकट सांगणाऱ्याने आधी कोणाला सांगतो आहोत हे पाहावे. नोकरी करणारी आई कमी प्रतीची आणि घरी राहणारी तेवढी खरी, ही विभागणीही तशीच उथळ. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. कायदा आहे, पाळणाघर किती ठिकाणी आहे, हे ज्याने त्याने आपल्या कामाच्या ठिकाणी डोळे उघडून पाहावे.

आता बापाविषयी.

२०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यासाठी देतात, पुरुष ९७. घरातील माणसांच्या संगोपन-शुश्रूषेसाठी स्त्रिया १३४ मिनिटे आणि पुरुष ७६. हे आकडे जे काही काम करतात त्यांचेच आहेत; घरकामात अजिबात हात न घालणारे पुरुष यात धरलेलेच नाहीत आणि त्यांचीच संख्या फार मोठी आहे. २०२४च्या सर्वेक्षणात घरकामाचे आकडे २८९ आणि ८८ असे आले. म्हणजे बाईची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषाने ती उचलली असे म्हणावे तर त्याचीही नऊ मिनिटे कमीच झाली! शिवाय पोळी लाटता लाटता पायाशी बसलेल्या मुलाला कबुतराचे नाव शिकविले, तो वेळ कोणत्या रकान्यात गेला?

महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, हे स्तुत्य. पुरुष कर्मचाऱ्यांनाही त्या निर्णयात स्थान मिळाले, पण केव्हा? पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. पुन्हा तेच. आईच्या श्रमांचे मोल तिच्या मृत्यूनंतर आणि बापाचे संगोपनही तिच्या मृत्यूनंतर. जणू आई धडधाकट असताना मुलाचे लंगोट बदलणे हे बापाच्या अधिकारकक्षेतच येत नाही. काही घरांतून तरुण बाप आता नोकरी सोडून वा घरून काम करून मूल सांभाळू लागले आहेत. त्यांची गल्लीत होणारी थट्टा ऐकली की, मूल सांभाळणे हे 'काही न करणे' आहे ही समजूत किती खोल रुजली आहे ते कळते. बाई ते करते तेव्हा ते दिसत नाही आणि पुरुष करतो तेव्हा हसू येते.

कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या, तिच्यासाठी झटणाऱ्या घरांना हा प्रश्न अधिक टोचला पाहिजे. जामखेड तालुक्यातील चौंडी हे पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मस्थान. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले आणि २०२५ साली त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी साजरी झाली. त्या वर्षभरात मातृशक्तीवर किती व्याख्याने झाली याची गणती नाही. जिजाऊ आणि अहिल्यादेवींची नावे घेऊन भाषण संपते, टाळ्या होतात, सतरंज्या उचलल्या जातात, कार्यकर्त्यांची आढावा बैठक होते आणि वक्ता रात्री साडेदहाला घरी पोहोचतो. मूल झोपलेले असते. सकाळी ते उठण्यापूर्वी तो बाहेर पडलेला असतो. 'घरची आघाडी ती समर्थपणे सांभाळते, म्हणून मी बाहेर काम करू शकतो', असे तो चार माणसांत कृतज्ञतेने सांगतो. ही कृतज्ञता खोटी नसते. पण त्या 'आघाडी'वर एकटीच उभी असलेल्या त्या जिवाला कृतज्ञतेपेक्षा संध्याकाळचे पाच ते सात हे दोन तास अधिक उपयोगी पडले असते. समाजासाठी दिलेला वेळ कमी करावा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र दोन वर्षांचे मूल हाही समाजच आहे आणि त्याचे हे वर्ष पुढच्या वर्षी पुन्हा येणार नाही.

करायचे ते फार अवघड नाही. सदनिकांच्या एकेका इमारतीत दोन-तीन तरी आज्या दुपारी एकट्या बसलेल्या असतात आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर एक आई चाळीस मिनिटांची झोप मागत असते. या दोघींची गाठ घालून देणारे कोणी नाही. भजनी मंडळ, महिला मंडळ, हळदीकुंकू यांच्या निमित्ताने बायका एकत्र येतात, पण रांगते-धावते मूल असलेली आई नेमकी तिथे जाऊ शकत नाही, कारण 'मूल त्रास देईल'. मूल त्रास देईलच. दिला तर दिला. सतरंजीवर एका कोपऱ्यात डबे आणि झाकणे ठेवावीत.

आणि रविवार सकाळ आहे. सिद्धीबागेत किंवा आपापल्या उपनगरातील मोकळ्या मैदानात आठ ते दहा या वेळात बापांनी आपापली लेकरे घेऊन जमावे, आयांनी त्या वेळी घरी झोपावे, असे एखाद्या वस्तीने ठरवून पाहावे. पहिल्या रविवारी चार बाप येतील. त्यांतले दोघे मोबाइल काढून बसतील, तिसरा लंगोटाची पिशवी घरी विसरलेला असेल आणि अर्ध्या तासात बायकोला फोन करील. तिने तो उचलू नये. तोवर चौथ्याचे मूल कबुतरांमागे धावत सुटलेले असेल आणि त्याला पकडायला चौघांनाही उठावे लागेल.